माझ्याकडे तर चालतो!

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

प्रोग्रॅमिंग शिकायला आलेला माणूस पहिल्या दिवशी एक प्रश्न हमखास विचारतो, ‘सर, कोणती भाषा शिकू?’ त्याचे उत्तर मी थोडक्यात देऊन टाकतो. विंडोजवर चालणारे काम करायचे असेल तर सी-शार्प घ्या. नुसती चव घेऊन पाहायची असेल तर पायथन घ्या. आणि शेजारी बसून शंका सोडवणारा कुणी जाणकार असेल, तर त्याला जी येते ती घ्या. माझ्या मते हे तिसरे उत्तर सर्वांत कामाचे. व्हिज्युअल बेसिक ६ ही भाषा १९९८ साली आली, २००८ साली मायक्रोसॉफ्टने तिच्यात प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनाचा पाठिंबा थांबवला, तरी तिच्यात लिहिलेले जुने प्रोग्रॅम विंडोजवर अजून चालतात. तेव्हा भाषेवरून फार डोके शिणवू नये.

खरे प्रश्न सुरू होतात ते दुसऱ्या महिन्यापासून. मी तालुक्याच्या गावी शिकवतो. माझ्याकडे बी. कॉम. झालेली मुले येतात, पतसंस्थेत काम करणाऱ्या एखाद्या ताई येतात, आपल्या औषधाच्या दुकानाचा हिशेब स्वतःच बसवावा असे वाटणारे दुकानदार येतात. या सगळ्यांना लिहायचा असतो तो टेबलावरच्या संगणकावर चालणारा प्रोग्रॅम. त्याला खिडकी असते, बटणे असतात, चौकोनात रक्कम भरायची असते आणि इंटरनेट गेले तरी काम थांबत नाही.

त्यांचे प्रश्न वरवर पाहता निरनिराळे वाटतात. पण बहुतेकांचे मूळ एकच असते. शिकणारा प्रोग्रॅम स्वतः लिहितो, स्वतःच चालवून पाहतो आणि खूश होतो. प्रत्यक्षात मात्र तो प्रोग्रॅम दुसऱ्याच्या टेबलावर, दुसऱ्याच्या हातात आणि लिहिणारा तिथे नसताना चालायचा असतो. ‘सर, माझ्याकडे तर चालतो!’ हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकले असेल, तितक्या वेळा दुसरे कुठलेही ऐकलेले नाही.

सगळ्यात सुरुवातीची तक्रार असते ती काळ्या खिडकीची. ‘प्रोग्रॅम चालू केला, काळी खिडकी आली आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत गेली.’ मुले घाबरतात, व्हायरस आला की काय म्हणतात. झालेले काहीच नसते. सांगितलेले काम संपले म्हणून प्रोग्रॅम घरी गेला. वरून खाली एकेक ओळ करत जायची आणि शेवटची ओळ झाली की संपायचे, हा त्याचा स्वभाव.

खिडकी आणि बटणे असलेला प्रोग्रॅम मात्र असा नसतो. तो एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीसारखा असतो. आत एक कारकून बसलेला आहे. कुणी विचारले की उत्तर द्यायचे, नाही विचारले तर बसून राहायचे. माउस हलला, कळ दाबली, दुसरी खिडकी वर आली, स्वतःचे चित्र पुन्हा रंगवायचे आहे, असा प्रत्येक निरोप विंडोज त्या रांगेत उभा करते आणि कारकून एकामागून एक निरोप हातावेगळे करतो. तुम्ही लिहिता त्या ओळी म्हणजे ‘अमुक विचारले तर काय करायचे’ याच्या सूचना. ज्याच्या मनात हे चित्र बसले, त्याचे निम्मे प्रश्न सुटले असे मी समजतो.

पुढचा प्रश्न तर याच चित्रातून सुटतो. ‘सर, बटण दाबल्यावर प्रोग्रॅम हँग होतो. खिडकी पांढरी पडते. पण दोन मिनिटांनी आपोआप बरा होतो.’ कारकून हँग झालेला नसतो. तुम्ही त्याला वर्षभराच्या पावत्यांची बेरीज करायला आतल्या खोलीत पाठवलेले असते. तो बेरीज करतो आहे, बाहेर रांग वाढते आहे आणि खिडकीचे चित्र रंगवायचा निरोपही त्याच रांगेत ताटकळतो आहे. विंडोज साधारण पाच सेकंद वाट पाहते. तेवढ्यात प्रोग्रॅमने रांगेकडे ढुंकून पाहिले नाही, तर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असा शिक्का मारून मोकळी होते.

लिहिणाऱ्याला हे माहीत असते, म्हणून तो हाताची घडी घालून बसतो. वापरणाऱ्याला ते माहीत नसते. तो काय करतो? पुन्हा बटण दाबतो. पहिल्या काही सेकंदांतले हे जादा क्लिक वाया जात नाहीत, तेही रांगेत उभे राहतात. कारकून परत आला की त्यांचेही काम इमानेइतबारे करतो. एकाच खातेदाराची पाचशे रुपयांची पावती दोनदा जमा होते आणि संध्याकाळी रोकड जुळत नाही. पतसंस्थेत रोकड जुळली नाही तर पहिला संशय कुणावर जातो, हे मी सांगायला नको. काउंटरवर बसलेल्या माणसाच्या पगारातून पाचशे रुपये जाण्याचा हा मामला असतो आणि प्रोग्रॅम लिहिणारा तिथे नसतोच.

यावर नवशिक्याला कुणीतरी ‘डू-इव्हेंट्स’ नावाची एक आज्ञा सुचवतो. मधूनमधून रांगेकडे बघून ये, असा तिचा अर्थ. खिडकी पांढरी पडायची थांबते खरी. पण आता बेरीज अर्धवट असतानाच कारकून पुढचा निरोप घेतो आणि तो निरोप तेच बटण पुन्हा दाबल्याचा असू शकतो, किंवा खिडकी बंद केल्याचाही. दुखणे गेले नाही, फक्त दिसेनासे झाले. मी ही आज्ञा वर्गात शिकवतच नाही.

योग्य उपाय म्हणजे लांबलचक कामासाठी दुसरा माणूस नेमणे. प्रोग्रॅमच्या भाषेत त्याला थ्रेड म्हणतात. तो मागच्या खोलीत बेरीज करतो, पुढचा कारकून खिडकीवरच राहतो आणि काम होईपर्यंत ते बटण बंद करून ठेवतो. यात पथ्य एकच. मागच्या माणसाने खिडकीवरच्या कागदांना परस्पर हात लावायचा नाही. बेरीज झाली की चिठ्ठी पुढे पाठवायची, आकडा पडद्यावर लिहायचा तो पुढच्यानेच. हे पथ्य मोडले तर प्रोग्रॅम दहांतून नऊ वेळा नीट चालतो आणि दहाव्या वेळी कोसळतो. आपल्यासमोर नऊ वेळा चालतो, दहावी वेळ दुकानदाराच्या वाट्याला येते.

आता पैशांकडे वळू. दर वर्षी कुणीतरी चेहरा पाडून येतो. ‘सर, दहा पैसे दहा वेळा मिळवले आणि एक रुपया झाला का असे विचारले, तर संगणक नाही म्हणतो.’ तो खरेच सांगत असतो. रुपयांत ०.१ ही संख्या नेहमीच्या दशांश प्रकारात, म्हणजे ‘डबल’मध्ये, दहा वेळा मिळवली की बेरीज एकाच्या किंचित अलीकडे राहते. ०.१ आणि ०.२ मिळवा, ०.३ येत नाही, दशांश चिन्हानंतर सतराव्या जागी एक ४ उगवतो.

याचे कारण आपल्या आजोबांना चटकन कळले असते. आपण एकाला तीनने भागतो तेव्हा ०.३३३ चे शेपूट संपत नाही. संगणकाकडे अपूर्णांकाची मापे आहेत ती अर्धा, पाव, अष्टमांश, सोळावा अशी, दर वेळी निम्मी. या मापांनी दहावा भाग कधीच नेमका मोजून होत नाही, त्याचे शेपूट संपत नाही आणि कुठेतरी ते तोडावे लागते. गंमत अशी, की १ एप्रिल १९५७ पर्यंत आपल्याकडे रुपयाचे सोळा आणे होते आणि आण्याचे चार पैसे. रुपयाचा सोळावा भाग, चौसष्टावा भाग. संगणकाला हे नाणे बिनचूक मानवले असते! शंभर पैशांच्या रुपयात मात्र शून्य, पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर एवढेच पैसे तो नेमके धरू शकतो. बाकीचे शहाण्णव ‘जवळजवळ’.

‘सर, सतराव्या जागेचे कोण बघतो?’ असे कुणी म्हणाले की मी त्याला २५ फेब्रुवारी १९९१ ची गोष्ट सांगतो. आखाती युद्धात सौदी अरेबियातील धाहरान येथे पेट्रियट ही क्षेपणास्त्ररोधक यंत्रणा बसवली होती. तिचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत असे आणि तो दहावा भाग शेपूट तोडूनच साठवलेला होता. यंत्रणा सुमारे शंभर तास सलग चालू राहिली आणि चुकीचा साठा एक तृतीयांश सेकंदापर्यंत गेला. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जाते. पेट्रियटने चुकीच्या ठिकाणी शोध घेतला, स्कड सैनिकांच्या बराकीवर पडले आणि २८ जण ठार झाले.

आपल्या दुकानात इतके भयंकर काही घडणार नाही. पण जमा आणि नावे ‘समान आहेत का’ असे विचारणारी ओळ अडून बसेल आणि ताळा जमत नाही म्हणून कारकून रात्री नऊपर्यंत वह्या चाळत बसेल. उपाय सोपा आहे. रक्कम पैशांत मोजा आणि पूर्णांकात ठेवा, नाहीतर पैशांसाठीच केलेला प्रकार वापरा. सी-शार्पमध्ये आणि पायथनमध्ये तो ‘डेसिमल’ नावाने आहे, जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये ‘करन्सी’ नावाने होता.

याच घरातला दुसरा प्रश्न अनुभवी लोकांनाही चकवतो. अडीच रुपयांचे पूर्ण रुपये केले तर किती? आपण म्हणू तीन. सी-शार्प, व्हिज्युअल बेसिक आणि आजचे पायथन यांचे नेहमीचे उत्तर दोन असे आहे! साडेतीनचे मात्र चार. बरोबर अर्धा उरला तर जवळच्या सम संख्येकडे जायचे, असा त्यांचा नियम. दर वेळी वरच ढकलले तर हजारो रकमांची बेरीज फुगते, तसे होऊ नये म्हणून. नियम शहाणा आहे, पण एक्सेलच्या तक्त्यातले ‘राउंड’ अडीचचे तीन करते. मग प्रोग्रॅमचे बिल आणि हिशेबनिसाचा तक्ता यांत रुपयाचा फरक पडतो आणि दोघेही स्वतःला बरोबर समजतात. कोणता नियम हवा ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवायचे नसते. ज्याचे पैसे आहेत त्याला विचारायचे आणि मग प्रोग्रॅममध्ये तो नियम उघड लिहायचा.

तारखांचा घोळ मला सर्वांत खट्याळ वाटतो. प्रश्न असा येतो : ‘ठेवींचे व्याज काही खात्यांवर बरोबर येते, काहींवर चुकते. सूत्र तर एकच आहे.’ मी विचारतो, चुकणाऱ्या ठेवी महिन्याच्या कोणत्या तारखांना ठेवलेल्या आहेत? पाहून सांगतात, पाच, सात, अकरा. बरोबर येणाऱ्या? अठरा, वीस, सत्तावीस. ॲक्सेसच्या माहितीसाठ्याला आज्ञेच्या ओळीत तारीख लिहून दिली, तर तो अमेरिकी रीतीने महिना आधी वाचतो. विंडोजमध्ये भारत निवडलेला असो वा नसो. ५ मार्च म्हणून दिलेले ०५/०३ तो ३ मे समजतो. मात्र २०/०३ दिले की विसावा महिना नसतो, तेव्हा तो बिनबोभाट उलट वाचतो आणि नेमके २० मार्च धरतो. म्हणजे महिन्याचे पहिले बारा दिवस चुकीचे आणि पुढचे सगळे बरोबर. त्यातही ३ मार्च, ४ एप्रिल अशा तारखा सुटतात, कारण दोन्ही आकडे सारखेच! शिकणाऱ्याने महिनाअखेरीस चाचणी घेतली तर त्याला काहीच सापडत नाही. एखाद्या आजींची ठेव मात्र दोन महिने उशिरा ठेवल्यासारखी धरली जाते आणि व्याज कमी मिळते. आजी विचारायला येतात, काउंटरवरचा मुलगा म्हणतो, ‘आजी, कॉम्प्युटरने काढलंय, चुकेल कसं?’ तारीख अशी ओळीत चिकटवून द्यायचीच नाही, ती तारीख म्हणूनच वेगळी द्यायची सोय असते. तेही नको असेल तर वर्ष, महिना, दिवस या क्रमाने द्यावी. आणि पडद्यावर दाखवताना महिना अक्षरात दाखवावा, म्हणजे वाद मिटतो.

‘माझ्याकडे तर चालतो’ हे वाक्य शब्दशः खरे असते ते प्रोग्रॅम दुसऱ्या संगणकावर नेल्यावर. तिथे लागणारी डीएलएल फाइल किंवा भाषेचा रनटाइम नसतो, किंवा प्रोग्रॅमने लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरचा पत्ता पाठ केलेला असतो. हे दोन्ही प्रकार लगेच उघडे पडतात, म्हणून त्यांची मला भीती वाटत नाही. स्वच्छ विंडोज घातलेल्या दुसऱ्या संगणकावर एकदा चालवून पाहिले की झाले.

भीती वाटते ती न बोलणाऱ्या प्रकाराची. पुष्कळ जण माहितीची फाइल प्रोग्रॅमशेजारीच, ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरात ठेवतात. २००७ साली व्हिस्टा आले तेव्हापासून साध्या वापरकर्त्याला तिथे लिहायची परवानगी नाही. मग जुन्या धाटणीचा प्रोग्रॅम कोसळायला हवा ना? तो कोसळू नये म्हणून विंडोज एक युक्ती करते. त्याचे लिखाण गुपचूप त्या वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरातल्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’ नावाच्या जागी वळवते आणि प्रोग्रॅमला वाटते की सगळे आलबेल आहे. आता कल्पना करा, एका दवाखान्यातल्या संगणकावर सकाळची मदतनीस एका नावाने आणि संध्याकाळची दुसऱ्या नावाने बसते. दोघींना एकच प्रोग्रॅम दिसतो, पण दोघींची वही वेगळी! सकाळी नोंदवलेला पेशंट संध्याकाळी सापडत नाही. दोघी एकमेकींवर निष्काळजीपणाचा आळ घेतात. बॅकअप घेणारा ‘प्रोग्रॅम फाइल्स’मधली फाइल उचलतो, ती तर कित्येक महिन्यांपूर्वीची असते. नोंदी हरवल्याची तक्रार आली तर आधी प्रत्येक वापरकर्त्याच्या फोल्डरात हे ‘व्हर्च्युअल स्टोअर’ शोधा. आणि सगळ्यांची सामाईक माहिती ‘प्रोग्रॅम डेटा’ या फोल्डरात, योग्य ती परवानगी देऊन ठेवा.

शेवटी मराठीचा प्रश्न, तो आपल्याकडे विचारलाच जातो. ‘सर, नाव मराठीत भरले, सेव्ह केले आणि उघडले तर नुसती प्रश्नचिन्हे.’ फार पूर्वी मराठी टायपिंग चालायचे ते फाँटच्या चलाखीवर. आत इंग्रजी अक्षराचाच क्रमांक, वर चित्र मात्र ‘क’चे. फाँट बदलला की सगळे गबाळ. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. आता गडबड होते ती जुना तक्ता धरून चालणारा एखादा भाग मधे आला की. त्या तक्त्यात देवनागरी नसतेच, म्हणून तो प्रत्येक चिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह लिहून टाकतो. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये हेच व्हायचे, आतली साठवण युनिकोडची आणि पडद्यावरचे चौकोन जुन्या तक्त्याचे. एकदा प्रश्नचिन्हे साठवली गेली की मूळ नाव कोणत्याही युक्तीने परत येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी एक मराठी नाव भरून, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडून पाहावे. हजार सभासद भरून झाल्यावर नव्हे.

मोजणीतही मराठी वेगळी आहे. ‘क्षितिज’ हे नाव आपल्याला तीन अक्षरांचे दिसते. संगणकाच्या लेखी ती सात चिन्हे आहेत : क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. नावासाठी वीस जागा ठेवल्या तर इंग्रजीत पुरतात, मराठीत नाव अध्येमध्ये तुटते आणि पावतीवर लंगडे अक्षर उमटते. दुप्पट-तिप्पट जागा ठेवायला आता काही पैसे पडत नाहीत.

आणि सभासदांची यादी. आपल्या वर्णमालेत ळ येतो ‘ह’नंतर. युनिकोडच्या क्रमांकांत तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मधे बसवलेला आहे. नुसत्या क्रमांकाने यादी लावली तर काळे हे कावळे आणि काशीकर यांच्या आधी येतात, क्षीरसागर तर ‘क’मध्येच जाऊन बसतात. वार्षिक सभेला सह्यांची यादी घेऊन बसलेला माणूस काळ्यांना काशीकरांच्या पुढे शोधतो आणि ‘तुमचं नाव यादीत नाही’ म्हणतो. यादी लावताना तुलना मराठीच्या क्रमाने कर, असे प्रोग्रॅमला स्पष्ट सांगावे लागते आणि सांगितल्यावर ते त्याने ऐकले की नाही, हे काळे, कावळे, काशीकर, क्षीरसागर ही चार नावे घालून, ज्या संगणकावर तो रोज चालणार आहे तिथेच पाहावे लागते.